शिकलगार ते सतारमेकर

जून महिन्यात नव्या वर्गाचे हजेरीपत्रक लिहायला घेतले की आमच्यासमोर धंद्यांची एक यादीच तयार होते. आतार, तांबोळी, बागवान, मोमीन, मणेर, नदाफ, पटवेगार, शिकलगार. आतारांकडे अत्तर, तांबोळ्यांकडे पान, बागवानांकडे फळे-भाजी, मोमिनांकडे माग, मणेरांकडे बांगड्या आणि नदाफांकडे कापसाचे पिंजण. आपल्या सातारा-सांगली भागातल्या मुसलमान घरांत निम्मी आडनावे अशी हाताच्या कामावरून पडलेली आहेत. मुलांना मात्र त्यांचा अर्थ विचारला तर ती एकमेकांकडे बघतात. क्रिकेटच्या संघातल्या अकरा जणांची सगळी माहिती पाठ असते. स्वतःचे आडनाव कुठून आले, हे कुणी सांगितलेले नसते.

त्यातल्या 'शिकलगार' या एका नावाबद्दल आज लिहायचे आहे. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असे वाटत नाही. मूळ शब्द 'सैकलगर'. सैकल हा अरबी शब्द, उर्दूत रोजचा. धातू घासूनपुसून त्याला आणलेली चकाकी म्हणजे सैकल. तलवारीचा गंज काढणारा, तिला झिलई आणि धार देणारा तो सैकलगर. उर्दू शायरीत दिलाच्या आरशाला सैकल करण्याची कल्पना पुन्हा पुन्हा येते, तीही याच कारागिराच्या हातून उचललेली आहे. म्हणजे ज्या नावाची आपल्या पोरांना लाज वाटते, ते शायरांना हवेसे वाटले होते.

आपल्या भागात गड होते, सरदार होते, फौजा होत्या. त्यामुळे शिकलगारांना पिढ्यान्‌पिढ्या काम होते. मग दिवस पालटले. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ मध्ये हत्यारांचा कायदाच आला. ज्याच्या घरात आजोबा-पणजोबांपासून तलवारीला धार लावायचे काम, त्याने आता काय करायचे?

याच काळात मिरजेत फरीदसाहेब शिकलगार नावाचे एक कारागीर होते. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तिथल्या राजघराण्याला गाण्याची आवड होती, त्यामुळे गवई-वादकांचे येणे-जाणे असायचे. वाद्य म्हटले की ते कधीतरी बिघडणारच. दांडी वाकते, भोपळ्याला तडा जातो, घोडी झिजते. दुरुस्ती करणारा इकडे जवळपास कुणी नव्हता. तेव्हा ज्यांचा हात बारीक कामात बसलेला आहे अशा शिकलगारांकडे हे काम आले, असे मिरजेत सांगितले जाते. दुरुस्तीसाठी वाद्य खोलताना ते कसे बांधले आहे हे कळत गेले. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी स्वतः तंबोरे घडवायला सुरुवात केली, आणि तिथून मिरजेच्या वाद्यांचा इतिहास सुरू होतो. पुढे त्या घरांचे आडनावच बदलले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. मिरजेत आज सतारमेकर गल्ली आहे, आणि सात पिढ्या झाल्या तरी त्या गल्लीत लाकडाचा भुसा पडतोच आहे.

आमच्या मलकापुराहून मिरज काही फार लांब नाही. कऱ्हाडला गाडीत बसले की दोनेक तासांत माणूस तिथे पोहोचतो. तंबोरा कसा तयार होतो हे मुलांना एकदा तरी दाखवावे असे आहे. त्याचा भोपळा आपण भाजीला आणतो तो नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी पिकतो. तो वेलावरच पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचे, आतला गर-बिया खरवडून काढायच्या, आत काटक्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग त्यावर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची. सरस, करवत, पटाशी, रंधा, कानस ही सगळी अवजारे सुताराच्या घरातलीच. नंतर नक्षी, लाखेचे पॉलिश, खुंट्या, तारा.

एवढे झाले तरी वाद्य अजून मुकेच असते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने आणि बारीक कागदाने असा घासावा लागतो की तार तिला पुरती टेकणारही नाही आणि पुरती सुटणारही नाही. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात आणि तार छेडली की भुंग्यासारखा भरीव नाद निघतो. याला जव्हारी म्हणतात. केसभर जास्त घासले की काम बिघडले. ते कुठल्या मापात लिहून ठेवता येत नाही. हाताला आणि कानाला कळावे लागते.

आमच्या मनात येते की इथेच जुना शिकलगार कामाला आला असणार. पात्याची धार बोटाने जोखणाऱ्या माणसाला पृष्ठभाग केसभर घासणे म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. फरीदसाहेबांनी धंदा बदलला, हात तोच ठेवला. आडनाव बदलले तेही लाजेने नव्हे, नवे काम कमावले म्हणून.

हे सगळे आम्हाला आज का आठवले, ते आता सांगतो. मलकापुरातले एक वयोवृद्ध शिकलगार यंदा पावसाळ्यात अल्लाहला प्यारे झाले. वय अठ्ठ्याऐंशी. "नाव छापू नका, अब्बांना आवडलं नसतं," असे घरच्यांनी सांगितले, म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

चाचांनी अकराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली धार लावण्याचे चाक फिरवायला सुरुवात केली. पुढे सायकलच्या मागे चाक बसवून घेतले आणि कृष्णा-कोयनेच्या काठची गावे पालथी घातली. दसऱ्याच्या पुढेमागे उसाचे कोयते, सुगीच्या आधी विळे, पावसाळ्याआधी खुरपी. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, आज्यांचे अडकित्ते असायचेच. बकरी ईदच्या आधीचे आठ दिवस त्यांच्या दारात सुऱ्यांचा ढीग लागायचा. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी धारदार असावी, ही आपल्या दीनची शिकवण. चाचा ती शब्दशः पाळत. सुरी घाईत नेऊ देत नसत. "थांब बाबा, अजून बोलत नाही ती," असे म्हणून परत चाकावर धरत.

त्या चाकावर त्यांनी चार मुली आणि दोन मुलगे वाढवले. चौघी मुली शिकल्या. एक आज शिक्षिका आहे, एक परिचारिका. मुलींना शाळेत कशाला पाठवतोस, असे विचारणारे तेव्हा खूप होते. चाचा वाद घालत नसत, सकाळी दोघींना सायकलवर बसवून शाळेच्या दारात सोडत आणि तिथूनच धंद्याला जात. कामाचा हिशेब चाची ठेवत. भिंतीवर खडूने रेघा. धार लावलेली प्रत्येक कात्री आधी चाचींच्या हातात जायची. त्या जुन्या लुगड्याच्या चिंधीवर ती चालवून बघत आणि कापड ओढले गेले तर परत करत. गिऱ्हाइकाला हे माहीत नसायचे. त्याला वाटायचे, चाचांचा हात कधी चुकत नाही.

शेवटची सहा वर्षे चाचींची नजर गेली होती. चाचा तेव्हा ऐंशीच्या घरात. पण दुपारी जोहरच्या आधी काम बंद करून ते घरी यायचे, भाकरी कुस्करून दुधात-कालवणात मळायचे आणि त्यांच्या हातात ताटली द्यायचे. सुना होत्या, त्या करायला तयार होत्या. चाचा म्हणायचे, "पन्नास वर्षं तिनं माझी कात्री तपासली. एवढं तर मी करीन." संध्याकाळी चाचींना अंगणात आणून बसवायचे आणि दिवसभर कोण कोण भेटले ते सांगायचे. कुणाची पोर पास झाली, कुठल्या शेतात किती ऊस पडला, सगळे. बायको म्हणजे घरातली सावली असे मानणाऱ्या माणसांच्या गल्लीत हे रोज दिसत होते. आमच्या वयाच्या कितीतरी पुरुषांनी ते पाहिले. त्यातले काही जण घरी जाऊन थोडे बदलले असतील, अशी आमची समजूत आहे.

आता अवघड गोष्ट. काही वर्षांपूर्वी चाचांच्या एका मुलाने आम्हाला विचारले होते की पोरांचे आडनाव राजपत्रात बदलून घ्यायचे तर काय काय कागद लागतात. नोकरीच्या ठिकाणी, लग्नाच्या बोलणीत 'धार लावणारे का तुम्ही?' असे कुणी विचारले की त्याला कमीपणा वाटायचा. चाचांच्या कानावर ते गेले. आम्हाला वाटले, म्हातारा भडकेल. ते भडकले नाहीत. एवढेच म्हणाले, "बदलायचं तर बदला. पण ते कशानं पडलं हे आधी पोरांना सांगा. मग पोरं म्हणतील ते करा."

या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. मुलाचे दुःख खोटे नव्हते. आपल्या समाजात आजही हाताने काम करणाऱ्याकडे खालच्या नजरेने बघतात, आणि बघणारे परकेच असतात असे नाही. लग्न जमवताना बिरादरी विचारणारे आपणच. 'आमच्यात तसले काम करत नाहीत' म्हणणारेही आपणच. हे दीनमध्ये कुठे बसते? हजरत दाऊद अलैहिस्सलाम बादशाह होते, नबी होते, आणि स्वतःच्या हाताच्या कमाईवर जेवत. त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि ते चिलखते बनवत, हे कुराणात आले आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करत, हे हदीसमध्ये आहे. हाताच्या कमाईहून चांगला घास नाही, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि दुपारी विसरतो.

वाद्यांचे नाव काढले की काही घरांत वेगळा प्रश्न येईल, याची आम्हाला कल्पना आहे. गाण्या-वाजवण्याबद्दल उलेमांत आणि घराघरांत मते आहेत, आणि तो प्रश्न या सदरात सोडवण्याइतके आम्ही मोठे नाही. पण मिरजेची गोष्ट आपलीही आहे, हे विसरता येणार नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले आणि तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. दर्ग्याच्या उरुसात होणाऱ्या संगीत सभेला हिंदू-मुसलमान सगळे शेजारी शेजारी बसतात. मुसलमान कारागिराने घडवलेला तंबोरा भजनाला लागतो आणि खयालालाही. एवढ्या वर्षांत त्यावरून मिरजेतले कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यातला विश्वास कमी झालेला नाही.

त्या गल्लीलाही आज चिंता आहेच. १९७९ मध्ये बंगळुरूत विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. आता तर तो मोबाईलमध्ये फुकट मिळतो. रियाज करणाऱ्या मुलाला चार फुटांचे वाद्य घेऊन फिरण्याची गरज उरली नाही. चांगले लाकूड महाग झाले, भोपळ्याचे पीक पावसावर अवलंबून, आणि घरातली मुले शिकून पुण्या-मुंबईला जातात. एक चांगली गोष्ट झाली. २०२१ मध्ये केलेल्या अर्जानंतर २०२४ च्या मार्चअखेरीस मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला, कोल्हापुरी चपलेला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे तसेच. याचा अर्थ 'मिरजेचा तंबोरा' हे नाव दुसरीकडे बनलेल्या वाद्याला आता कायद्याने लावता येत नाही. ही नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवून घेता येते. मिरजेत साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत, असे त्यावेळी त्यांच्या संस्थेकडून सांगण्यात आले.

मानांकनाने नाव राखले जाईल. जव्हारी काढणारा हात मात्र कागदाने राखला जात नाही, त्यासाठी कुणीतरी वस्तादाजवळ बसून शिकावे लागते. उस्तादचा वस्ताद आणि हुनरचा हुन्नर मराठीने करून घेतला, शागीर्दही घेतला. हे शब्द आपल्याकडून मराठीत गेले ते कारखान्यांतून आणि तालमींतून गेले. कारखाने रिकामे झाले तर शब्दही पुस्तकात जाऊन बसतील.

प्रत्येक मुलाने बापाचाच धंदा करावा, असे आम्ही म्हणत नाही. तसे असते तर फरीदसाहेबही तलवारीच घासत बसले असते. चाचांनीही मुलांवर चाक लादले नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की सोडायचे तर जाणून सोडावे, आणि त्यातले कामाचे ते बरोबर न्यावे. चाचांच्या इंतकालनंतर घर आवरताना त्यांचे चाक, कानशी, ऐरण हे सगळे भंगारात द्यायचे ठरले होते. वजनकाटा दारात आला होता. शिक्षिका असलेली मुलगी आडवी आली. नातू आयटीआयला फिटर ट्रेड शिकतो. त्याने सगळ्या कानशी उचलल्या. त्यातल्या दोन अशा झिजल्या आहेत की दांड्यावर दादांच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. वर्गात त्याला कानस धरायला शिकवावे लागले नाही, असे तो सांगत होता. आडनाव बदलायचा अर्ज अजून भरलेला नाही. भरला जाईल की नाही ते त्या पोरांनी ठरवायचे आहे. पण त्यांना आता सैकलचा अर्थ ठाऊक आहे, आणि मिरजेच्या फरीदसाहेबांची गोष्टही.

वाचकहो, तुमच्या घरातही असे एखादे दादा, नाना, चाचा, एखादी नानी असेल, जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, बांगड्या भरल्या किंवा मागावर धोटा फेकला. येत्या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि या चार गोष्टी वहीत लिहून घ्या. काम कुणाकडून शिकलात? अवजारांची नावे काय? काम बिघडले हे कशावरून कळते? आणि पहिल्या कमाईचे काय केलेत? मुले अडखळतील, म्हातारी माणसे आधी "त्यात काय सांगायचं" म्हणतील, मग थांबायची नाहीत. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, घरात बोलतो त्या दखनीत लिहा. एखादे अवजार असेल तर तेल लावून जपून ठेवा. शाळेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात खरा व्यवसाय लिहा. 'मजुरी' किंवा 'बिझनेस' लिहून तो झाकू नका. त्या रकान्याचे वाचन करणारे आमच्यासारखेच कुणीतरी मास्तर असतात, आणि त्यांनाही शिकायची गरज आहे.

हे काम माणसे हयात असतानाच करायचे आहे. चाचांना आम्ही चाकाच्या भागांची नावे विचारून घेतली होती, ती आमच्या वहीत आहेत. चाचींना मात्र चिंधीवरची ती परीक्षा कुणी विचारली नाही, ती त्यांच्याबरोबर गेली.

अल्लाह तआला दोघांची मगफिरत फरमावो, आणि हलाल कमाईसाठी झिजलेल्या प्रत्येक हाताला बरकत देवो. आमीन.